साळूकाकीचं मऊ बोलणं

आमच्या गावात आरडाओरडा ऐकू आला की 'कोण भांडतंय?' असं कुणी विचारत नसे. 'साळूबाईसंगं कोण हाय?' एवढंच विचारत. इस्लामपूरच्या अलीकडं आमचं गाव, चारी अंगाला ऊस, आणि त्या उसातनं तिचा आवाज आरपार जायचा. रात्रपाळीचं पाणी कुणी मधेच आपल्या सरीत फोडलं, की साळूकाकी बांधावर उभी राहायची आणि चोर खोरं टाकून पळायचा. रॉकेलवाला माप भरताना बोट आत बुडवायचा. सगळी रांग बघायची, बोलायचं कुणी नाही. साळूकाकी म्हणाली, "बोट भाईर काड रं. तुजं बोट मी चुलीत जाळणार हाय का?" त्या दिवसापासनं अख्ख्या गावाला पुरं माप मिळायला लागलं. आणि तेच गाव तिला भांडकुदळ म्हणायचं. गडी असा बोलला की पुढारी होतो आणि बाई बोलली की भांडकुदळ. हा न्याय मला कधी पटला नाही, आणि ज्यांना पटतो त्यांच्याशी मी वाद घालायला अजून तयार आहे.

पण तिच्या लेकीच्या, बनूच्या, लग्नाचं घोडं त्या तोंडापायी अडलं होतं हे खरं. पहिल्या पाहुण्यांनी बनूला इकडनं तिकडं चालून दाखवायला सांगितलं. साळूकाकी म्हणाली, "घोडी इकायला काडल्याली न्हाई आमी." ते गेले. दुसऱ्यांनी पोरीच्या हातात वर्तमानपत्र दिलं, वाच म्हणाले. बनूनं घडाघडा वाचलं. साळूकाकीनं ते काढून मुलाच्या हातात दिलं, "आता तुमी वाचा, जावईबापू." मुलगा पहिल्याच ओळीला अडखळला. तेही गेले.

तिसरं स्थळ कराडकडचं. पलटणीतनं पेन्शनीत आलेल्या हवालदार लालासाहेबांचा मुलगा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बनूनं त्याला कराडच्या स्टँडवर गाडीखालनं काळं तोंड घेऊन बाहेर येताना बघितलं होतं, आणि का कोण जाणे, तो तिला पसंत पडला होता. तिनं आईला बजावलं, "आये, हे मोडलं तर मी पुन्ना कुनापुडं पाटावर बसनार न्हाई. सांगून ठेवते."

साळूकाकी माझ्याकडं आली. दुष्काळ नुकताच सरला होता. मी तेव्हा चौकाचौकांत करायची नाटकं लिहायचो. ऊसतोड्या बायका, हमाल, मुकादम, ज्याच्या तोंडी जे शोभेल ते द्यायचो, आणि त्याचा मला अभिमान होता.

"आर्जुना," ती म्हणाली, "तू समद्यांची बोलनी लिवतुयास. मला एका गरीब बाईचं बोलनं लिवून दे."

"गरीब म्हंजे?"

"म्हंजे मऊ. गाईवानी."

मी बसलो आणि लिहिलं, 'आपल्या पायधुळीनं आमचं घर पावन झालं.' साळूकाकीनं ते म्हणून दाखवलं. औताच्या बैलाला दम द्यावा तसं वाटलं. मग तिनंच विचारलं, "ही कोन बया? पुन्याची दिसतीया."

मी तापलो. "तू मऊ मागितलंस, मी मऊ दिलं."

"आरं, मऊ म्हंजे आमच्यातली मऊ!"

हे मात्र तिचं बरोबर होतं. आमच्या आळीत मऊ बाई एकच, मनुबाई. कोंबडीनं ताटातली भाकरी पळवली तरी 'खा बया' म्हणणारी. मी मुद्दाम तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि कान देऊन ऐकलं. ती वाक्य सुरू करायची, पण कडेला न्यायची नाही. शेवट खाली पडायचा. 'व्हय बया.' 'आमाला काय कळतंय.' 'तुमी म्हनशिला तसं.' झालं, बाई सापडली. मी तिचं बोलणं उचललं, साळूकाकीच्या तोंडाला बसेल असं बेतलं, आणि वर हुशारी केली ती अशी, की ह्या लिहिलेल्या बाईच्या बोलण्यातनं पाहुण्याला उलटून बोलणं, अडवणं, नाही म्हणणं सगळं मुळासकट काढून टाकलं.

तालमीत लालासाहेबांचं काम साळूकाकीचा नवरा ज्ञानू करायचा. "आमचं आईकनार का?" ज्ञानूनं विचारलं.

"तुमी म्हनशिला तसं," साळूकाकी मान खाली घालून म्हणाली.

ज्ञानूनं बायकोकडं नीट बघून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आर्जुना, लगीन ठरलं तरी ही तालीम चालू ठेवूया की."

पाहुणे आले. मुलगा डेपोत कामावर, म्हणून नुसते आईबापच. मी पुतण्या म्हणून दाराशी बसलो. लालासाहेब मिशीवाले, ताठ, बोलण्यात पलटणीची हिंदी. त्यांची बायको राहीबाई डोळ्यांनी घरातली भांडी मोजत होती. साळूकाकीनं काम असं केलं की माझ्या नाटकातल्या एकाही गड्यानं तसं कधी केलं नाही. राहीबाईंनी बनूला चालायला सांगितलं. साळूकाकीच्या मानेची शीर टरारली, पण तोंडातनं आलं, "चाल बया." लालासाहेब म्हणाले, "बहोत शांत घर हाय." मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

मग पानं मांडली. पुरणपोळी, दूध, कटाची आमटी.

आता आमच्याकडं पाहुणा 'पुरे' म्हणतो ते जेवण सुरू झालं असं सांगायला. मग घरची बाई त्याच्यावर डाफरते, तो ताटावर हात आडवा धरतो, ती हात बाजूला सारून वाढते, आणि तो पोटभर जेवतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत. फक्त माझ्या लिहिण्यात ते नव्हतं.

लालासाहेबांनी रीतीप्रमाणं ताटावर हात धरला. "बस, पुरे झालं."

"तुमी म्हनशिला तसं," साळूकाकी म्हणाली, आणि पोळ्यांची दुरडी उचलून पुढं गेली.

राहीबाई चमकल्या. खात्री करावी म्हणून त्याही म्हणाल्या, "मलाबी नगं."

"बरं बया." दुरडी आत गेली.

लालासाहेबांचा हात रिकाम्या ताटावर तसाच राहिला. ज्ञानू माझ्याकडं बघायला लागला. मी दारातनं खुणा केल्या, वाढ, वाढ. पण साळूकाकी भूमिकेत बुडालेली, वर बघेल तर शपथ.

लालासाहेबांनी ताटात हात धुतला आणि उठले. अंगणात चप्पल शोधताना बायकोला म्हणाले, हळू म्हणाले पण पलटणीतलं हळू ते, "दारात आलेल्याला जेवा म्हनत न्हाईत. हितं सोयरीक करून काय फायदा?"

"बाई लय थंड," राहीबाई म्हणाल्या. "उद्या आपल्यात कोन आजारी पडलं तर इचाराय तरी यील का?"

आत बनूनं ऐकलं. "आये, ते निगालं!" एवढंच बोलली आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

साळूकाकी दुरडी कमरेवर घेऊन उंबऱ्यात आली. गाय कुठल्या कुठं गेली.

"आवं हवालदार! कुटं निगालासा? दोन पोळ्यांवर उटतासा, पलटनीत काय वारा खाऊन ऱ्हायलासा? कोंबडं आरडायच्या आत उटून पुरन वाटलंय म्या, हात बगा हे! आन् राहीबाई, तुमाला नगं म्हनाय काय झालं? तुमच्यापरास माजा पाटा जास्ती पुरन खातोय! चला, बसा खाली. उपाशी वेशीभाईर गेलासा तर मी एसटीपुडं आडवी पडंन!"

मी डोळे मिटले. तिसरं स्थळही गेलं म्हणून.

"मग मगाशी कुटं होतं हे तोंड?" राहीबाईंचाही आवाज काही कमी नव्हता. "पोळी दावली आन् आत न्हेली! असली रीत आमी कुटं बगितली न्हाई!"

"नगं म्हनल्यावर काय तोंडात कोंबू?"

"कोंबायचं! मानसाला आसंच जेवू घालत्यात!"

दोघी एकमेकींच्या तोंडाजवळ आल्या. आणि लालासाहेब? त्यांनी चप्पल काढली, आत आले आणि पाटावर मांडी घालून बसले. "वाढा," म्हणाले. "दूध जरा जादा." नव्या ताटातली पोळी मोडताना त्यांनी ज्ञानूला विचारलं, "मगाधरनं हिच्या अंगात कोन आलं हुतं?"

ज्ञानूनं सरळ माझ्याकडं बोट केलं. "ह्यो नाटकवाला. ह्यानं लिवून दिल्यालं."

लालासाहेबांनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "आपन नाटकं लिवता, जवान?"

"व्हय. चौकात करायची लिवतो."

"लिवा. पर त्या बाईला जेवनाच्या पंक्तीत आनू नगासा."

मला लय राग आला. पण वाढणारी समोर उभी होती, आणि तिनं माझ्याही ताटात पोळी टाकली होती. मी खाल्ली.

सुपारी फुटली तेव्हा अंधार पडत आला होता, आणि लग्न कुणाच्या दारात यावर दोघी विहिणींचं पुन्हा जुंपलं होतं. राहीबाई कराड म्हणत होत्या, साळूकाकी म्हणत होती पोरीचं दार. वेशीवरनं शेवटच्या गाडीचा हॉर्न आला. ऐकला सगळ्यांनी, उठलं कुणीच नाही. बनूनं कुणाला न विचारता पाहुण्यांसाठी वाकळा काढल्या आणि अंथरायला लागली.