अंटार्क्टिकाहून मंगफला

मुलांनो, घराचं जहाज करून राहणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये एकच असेल, आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आहे. समोरचे काका मूळचे मालवणचे. अंटार्क्टिकाला शास्त्रज्ञ आणि त्यांचं सामानसुमान पोचवणाऱ्या बोटीवर ते स्टोअरकीपर होते. अर्धं वर्ष बर्फात, अर्धं इथे कुवेतमधल्या मंगफला, कारण काकू इथल्या इस्पितळात नर्स आहेत. बोट निघायची नोव्हेंबरात, म्हणजे इथली हवा जरा माणसांत येते तेव्हाच. त्यामुळे काकांच्या वाट्याला कुवेतचा फक्त उन्हाळा.

त्यांच्या घरातला टीव्ही दोरीनं बांधलेला असतो, फुलदाणीसुद्धा. ताटं घसरू नयेत म्हणून जेवणाच्या टेबलावर ओलं फडकं अंथरतात. "अहो, मंगफ हलत नाही," काकू म्हणतात. "अजून हललं नाही," असं म्हणून काका आमटीची वाटी अर्धीच भरतात. बोटीवर जे सगळ्यांत शेवटी लागणार ते सगळ्यांत तळाशी जातं. शिस्त मलाही प्रिय आहे. पण गेल्या वर्षी निघताना त्यांनी काकूंसाठी सहा महिन्यांचं वाणसामान भरलं आणि मीठ तळाशी ठेवलं, कारण एक पुडा चालू होता. तो संपल्यावर तुमच्या आजोबांनी तांदळाची पोती उपसली. त्या वेळचे त्यांचे उद्गार इथे लिहीत नाही.

सर्वांत कडक नियम दाराशी. बाहेरचं एकही बी बर्फावर पडून रुजू नये म्हणून बोटीवरून उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट घासतात, खिसे उलटे करून झाडतात. काकांच्या घरात शिरतानाही तेच. आजोबांच्या खिशात कायम बडीशेप, त्यामुळे ते दर वेळी पकडले जातात.

या वर्षी मात्र काकूंनी निक्षून सांगितलं, "रात्रपाळी करून यायचं, मीच कुलूप उघडायचं आणि मीच लावायचं. बास झालं. इथे नोकरी बघा, नाहीतर मी मालवणला जाते." काकू तसं बोलतात तेव्हा तसंच करतात, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी एका मोठ्या शीतगृहात अर्ज केला. मुलाखतीला आजोबाच त्यांना गाडीनं घेऊन गेले, म्हणून पुढचं सगळं मला कळलं.

मालक वयस्कर कुवेती, पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा घातलेले. बोलत बोलत त्यांनी शीतगृहाचं जाड दार उघडलं. थंडीचा लोट काकांच्या तोंडावर आला, श्वासाची वाफ झाली, आणि काका क्षणात दक्षिण ध्रुवावर पोचले. "थांबा!" असं शुद्ध मराठीत ओरडून त्यांनी मालकांना दंडाला धरून मागे ओढलं, त्यांच्या दिशदाशेचा खिसा उलटा केला आणि मूठभर कलिंगडाच्या भाजलेल्या बिया जमिनीवर झाडल्या. आजोबांनी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, काकू मालवणला निघाल्या, असं सगळं त्यांना दिसायला लागलं.

मालक बियांकडे बघत राहिले. मग हसून हिंदीत म्हणाले, "इतनी तलाशी तो मेरी बीवी भी नहीं लेती! कल से आ जाओ."

काकूंनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. काकांनीही दोन खाल्ले, पण त्या दिवसापासून ते जरा गप्पच झाले. नोव्हेंबर आला, संध्याकाळी गॅलरीत बसण्यासारखी हवा झाली. एकदा मी वाटी परत द्यायला गेले तर काका गॅलरीत बसले होते, तोंड दक्षिणेकडे. तेवढ्यात काकू ड्यूटीवरून आल्या. आजवर घरात बोटीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पण आज काकू गणवेशातच काकांच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज कुठवर पोचली असेल हो?"

काकांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "आता पहिला हिमनग दिसला असेल."

"कसा असतो?" काकूंनी विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

वाटी तिथेच ठेवून मी दार ओढून घेतलं.