हेफ्झिबा नावाची माझी जाऊ

गोदा गेल्याचा निरोप घेऊन तिचा भाऊ कळसाडीला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी कापूस निवडत बसले होते. "बाई, हेप गई," एवढंच तो म्हणाला. मला क्षणभर कळेचना, कोण गेली? माझी धाकटी जाऊ आमच्या घरात गोदावरी. लग्नात दिरानं ताटातल्या तांदळात तेच नाव लिहिलं होतं. माहेरचं नाव मात्र हेफ्झिबा, हाकेला हेप. नवापुराकडच्या शेतकऱ्याच्या मुलीला असलं नाव! दीड महिना उलटला, तरी माझ्या डोक्यातला गुंता काही सुटत नाही.

नावाची हकिगत तिनंच सांगितली होती. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. अशा घरात पुढच्या लेकराला आपल्याकडे दगडू, केरी असं टाकाऊ नाव ठेवतात, मरणाची नजर वळू नये म्हणून. तिच्या आईनं बाळंतपणाला आलेल्या गोऱ्या मिशनबाईचंच नाव उचललं. जे आपल्याच जिभेला वळत नाही, त्या नावानं मरण तरी कसं हाक मारणार? पोर जगली, पण मनात सल घेऊन. चुलीपाशी बसली की विचारायची, "बाई, मन्हं नाव फेकेल शे का?" मी म्हणायची, "खुळी का तू? भाकर करपतेय, तिकडं बघ." पण तिचा चेहरा बघून मलाच कसंतरी व्हायचं.

शेवटी मी धुळ्याच्या माझ्या भावाला लिहिलं. त्यानं एका पाद्र्याला विचारून कळवलं, की हे नाव बायबलातलं, मूळ हिब्रू, आणि त्याचा अर्थ 'माझा आनंद तिच्यातच आहे'. पत्र वाचून मी हरखले... आणि लगेच घाबरले. गोदाला तेव्हा आठवा लागलेला. इतकी वर्षं जे टाकाऊ म्हणून तिला राखत आलं, ते एवढं लाडाचं आहे असं ऐन वेळी बोलून दाखवायचं? मी चार बुकं शिकलेली, असल्या गोष्टींना हसणारी. तरी पत्र ट्रंकेत ठेवलं. बाळंतीण होऊन येऊ दे, मग सांगू. ती माहेरी गेली ती गेलीच. मुलगी तेवढी वाचली.

परवा तिच्या आईला भेटायला गेले. नातीला मांडीवर घेऊन म्हातारी बसली होती. मी रडत रडत तिला पत्रातला अर्थ सांगितला. ती जराही चकित झाली नाही.

"माले तवयंच माहीत व्हतं," ती म्हणाली. "मेमनी सांगं व्हतं. म्हनीसनच ते नाव ठेवं. पन मी कोनलेच सांगं नही. तिलेबी नही."

 तिनं भीतीपोटी लपवलं, मीही भीतीपोटीच... मग पोर राखली कोणी, आणि तरसवली कोणी? मला अजून कळत नाही.

थोड्या वेळानं नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तू तरी हेपले सांगं व्हतं ना?"

मी हो म्हणाले.