लाट दोन अक्षरांची

पडदेवाल्या मावशींनी चाळीस वर्षांत हजारभर खिडक्या झाकल्या, पण स्वतःचं अज्ञान झाकताना मात्र त्यांची पंचाईत झाली. नाचाच्या शाळेच्या बाई निळ्या कापडाचा अख्खा तागा आणि एक चिठ्ठी ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "खालची कड चिठ्ठीत लिहिलीय तशी हवी हं. कळेल ना?"

"न कळायला काय झालं!" मावशी ऐटीत म्हणाल्या.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा न्यायला येणार होत्या, आणि तसलं कापड आता बाजारात मिळत नव्हतं. कात्री चुकली की सगळंच मुसळ केरात.

चिठ्ठीवर एकच इंग्रजी शब्द. काजं-बटणं करणाऱ्या नवऱ्याने चष्मा नाकावर चढवून तो फोडफोडून वाचला, "अंड्यु... लेटिंग. कुणाचं तरी अंडं लेट झालंय बहुतेक."

"तुम्हाला खाण्यापलीकडे काही सुचेल तर शपथ!"

सून कामावरून आली. तिला पर्सही टांगू न देता मावशींनी चिठ्ठी पुढे केली. तिने मोबाइलमध्ये पाहिलं. "आई, लाटेसारखं वर-खाली होत जाणं. साप जातो ना, तसं. नाहीतर चढउतारांच्या जमिनीलाही म्हणतात. ती काही हलत नाही, नुसती तशी दिसते."

"म्हणजे हे हसले की यांचं पोट करतं, तसं?"

"अगदी तस्सं!"

नवऱ्याने मुकाट्याने पोट आत घेतलं.

पण मावशी विचारात पडल्या. शब्दाला अर्थ दोन आणि कापड एकच. कड नागमोडी कापायची, की सरळ ठेवून पडदा हलताना लाट उठवायची? शेवटी त्यांनी कात्री खाली ठेवली. कापलेलं कापड काही परत उगवत नाही. वर चुण्या दाट धरल्या, पडदा ताठ राहावा म्हणून खालच्या दुमडीत घालतात ती नेहमीची जड साखळी घातलीच नाही, आणि कड नुसत्या कच्च्या टाक्यांवर ठेवली. चुकलंच, तर उसवता येईल.

सकाळी बाई आल्या. दुकानातल्या लांब दांडीवर पडदा टांगलेला होता. मावशींनी त्याचं एक टोक ओढलं. लाट उठली आणि डुलत डुलत पार दुसऱ्या टोकाला जाऊन पोचली.

"हेच! अगदी हेच!" बाईंनी टाळी वाजवली. "नागमोडी कापून टाकाल की काय, म्हणून जीव टांगणीला लागला होता माझा."

मावशींनी पक्के टाके घालायला सुई ओवली. "बाई, मग चिठ्ठीत सरळ 'लाट' लिहायचं की. दोनच अक्षरं. तुमचाही जीव वाचला असता, माझाही, आणि ह्यांचं पोटही."

कोपऱ्यात काज करता करता नवऱ्याचं पोट अंड्युलेट झालं.