सरांनी कापलेला मार्क

इंग्रजीच्या सरांची वही म्हणजे दगडावरची रेघ. कुठल्या शब्दापुढं 'इन', कुठं 'अ‍ॅट', कुठं 'फॉर', सगळं तिच्यात. तीस वर्षं पोरं ती उतरवून घेत, घोकत आणि पास होत. खुद्द सरांनीही ती आपल्या मास्तरांच्या वहीवरूनच उतरवलेली. डिक्शनरी उघडायची गरजच काय? छे!

निवृत्तीनंतर वही छापायची हौस आली. छापखान्यात मजकूर तपासणाऱ्या बाईंनी 'मॅरीड विथ'भोवती पेन्सिलीनं गोल काढला. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंना खोटं पाडायचं म्हणून तरातरा घरी येऊन त्यांनी डिक्शनरी उघडली. तिथं 'टू' होतं. शेजाऱ्यांकडून दुसरी आणली, तिच्यातही 'टू'च.

सरांना एक जुना पेपर आठवला. तीस वर्षांत एकाच मुलीनं 'टू' लिहिलं होतं. वर्गात सगळ्यांचं चूक ते बरोबर धरलं आणि हिचं बरोबर ते कापलं. एका मार्कानं पोर नापास झाली. "सर, मी लायब्ररीत बघितलंय," असं म्हणाली, तर "आली मोठी शहाणी!" म्हणून भर वर्गात तिला उभं केलं. सगळी पोरं खो खो हसली. पुढच्या वर्षी ती शाळेत दिसली नाही, आणि सरांनी चौकशीही केली नाही. करतील कशाला?

पत्ता काढत सर तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत ती शिलाई मशीन चालवत होती, केस पिकायला लागलेले. सरांनी अडखळत सगळं सांगितलं. तिनं शिवण थांबवली नाही.

"मला कशाला सांगताय, सर? मला तेव्हाच ठाऊक होतं. आत वडील आहेत, त्यांना सांगा."

आत खाटेवरचा म्हातारा सरांना ओळखून उठायला धडपडला. हात जोडून म्हणाला, "माफ करा, सर. पोरीनं तेव्हा तुमच्यावर आळ घेतला. म्हणे, सरच चुकले! अशी खोटारडी पोर शिकवून करायचं काय? मी शाळाच सोडवली."

सर खाटेच्या कडेला टेकले. "ती खरं बोलत होती. चूक माझी होती."

"काय म्हणालात?" म्हाताऱ्यानं कान पुढं केला.

सरांना ओरडून सांगावं लागलं. बाहेरचं मशीन थांबलं.

म्हाताऱ्यानं लेकीला हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

ती आत आली नाही.