मोरीवरचं लाल फडकं

पाणी आलं, पाणी आलं, असं कोणीतरी वरून वरडलं, आन् माहा गजू मोरीत निजला होता. छोट्या गाडीच्या रुळाखालून आमची जुनी नहर जाते, तिथली ती इटायची मोरी. डोक्यावरची गाळाची टोपली फेकली आन् धावली, पाय चिखलात रुतून राहिले... मी पोचाच्या आधीच डोमाजी आबा मोरीतून भायेर आले. काखेत गजू, आन् मागून पाणी. ते आबा मागच्या महिन्यात वारले. दीर म्हणे, वयनी, पेपरात लिहून पाठव, लोक पाठवतात. मी चौथी शिकली, चुका होतील, पण हे लिहिल्याबिगर मले झोप नाही.

आबा आमच्या गावचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कवा सोडाचं ते त्यायच्या हातात. पण ही जुनी नहर कितीक वर्षं बुजून पडली होती, माह्या सासूनंही तिच्यात पाणी पाह्यलं नव्हतं. रोजगार हमीत ती मोकळी कराचं काम निघालं, आम्ही बाया गाळ काढाले लागलो. आबा टोपली उचलत नव्हते. नुसते फिरत, मोरीत वाकून पाहत, काठीनं इटा ठोकत. आन् गजूले गूळ देत. नाव पुसलं, किती महिन्याचा ते पुसलं. शेवंताबाई हसून म्हणे, "सांभाळ वो बाई, नहर चालू होते तवा लेकरू मागते." ती हसली, मी गजूले उचलून कडेवर घेतलं. येवढ्या लेकरात बुडा माह्याच लेकराले काहून पुसते? गूळ मी त्याच्या तोंडातून काढून फेको. मग मुकादमाले सांगतलं, हा बुडा लेकरायवर नजर ठेवते. त्यानं आबाले तिकडं तलावावर धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तं मोरीच्या तोंडाशी बांबू, त्याले लाल फडकं बांधलेलं. मले वाटलं, झालं, उतारा ठेवला बुड्यानं. बांबू उपसून फेकला, आन् फडकं घरी चुलीत जाळीन म्हणून कमरेले खोसलं. ऊन असं का सोसवेना, रुळाच्या बाजूनं एक झाड नाही. आबा आता तलावावर, मग भेव कायचं... म्हणून गजूले मोरीच्या सावलीत निजवलं.

त्या दिवशी पाणी सोडून पाहाचं होतं. आम्हाले कोणं सांगतलंच नाही. पाणकराची रीत अशी का पहिलं पाणी सुटलं का फावडं घेऊन त्याच्या पुढं पुढं चालाचं, कचरा काढत. म्हणून आबा पाण्याच्या आधी पोचले. आन् लाल फडकं त्याइनं रुळावरच्या गँगवाल्यापासून शिकलं होतं. लाल दाखवलं का गाडी थांबते, बाया रोज पाहतात, आज मोरीत जाचं नाही हे समजतील, असं त्यायले वाटलं.

गजूले माह्या हातात देऊन त्याइनं पुसलं, "फडकं कोणं काढलं?"

"मले नाही मालूम, आबा."

मुकादम म्हणे बुडा फडकं बांधाले भुलला. आबाइनं आपलं फावडं उचललं. त्यायची नजर माह्या कमरेवर गेली का नाही, हे मले आजवर समजलं नाही. त्यायचं पाणकरपण गेलं. लोक भुलक्या बुडा म्हणाले लागले. रस्त्यात भेटले का पुसत, "गजू कसा हाये?" मले वाटे, आज सांगते, आता सांगते. एकदा तुमसरच्या बाजारात गजूले गूळ देल्ला, तो बी मी मागच्या मागं टाकून देल्ला. वारले त्या दिवशी त्यायच्या सुनेले पुसलं, आबा शेवटी काय बोलले? ती म्हणे, नहरीले पाणी आलं का, येवढंच. फडक्याचं काही बोलले असतील, असं वाटून मले तिचाही भरोसा नाही आला.

आता त्यायचा पोरगा पाणकरपण मांगून राहिला. गाव म्हणते, भुलक्याच्या घरी नोको. फडकं माह्या पेटीत हाये, गजूच्या झबल्याखाली. परवा काढलं, त्याले अजून मोरीच्या चिखलाचा वास येते. नवऱ्यालेही मालूम नाही. दाखवलं तं गाव म्हणन, सोताच्या लेकराले पाण्यात घालणारी माय... सांगा, तुम्ही असते तं त्या दिवशी कमरेचं काढून दाखवलं असतं का?