संशयी डोळ्यांचा बाप्पा

आखणीकाका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे असे टक लावून बघत, की त्याला वाटावं, आपल्या बुबुळाचा रंग ओघळलाय. पेणजवळच्या हमरापुरात आमच्या शेजारी त्यांचा गणपतीचा कारखाना. रंगकाम कोणीही करो, शेवटची डोळ्यांची आखणी त्यांचीच. "डोळे नाय तवर नुसती माती," म्हणायचे.

आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती. माझं सगळं कॉलेज त्यांच्या कारखान्यात, बिनडोळ्यांच्या गणपतींमध्ये बसून झालं. घरातली पहिली पदवीधर मी झाले ती तिथे.

शेवटच्या वर्षी एका परदेशी सिनेमाचं रसग्रहण लिहायचं होतं. त्यातल्या शहरात दिवस उगवतच नाही. एक थकलेला गुप्तहेर कारखान्यात बनवलेली माणसं शोधत हिंडतो आणि शेवटी त्याला कळतं, आपणही तिथलेच; आपलं बालपणसुद्धा कोणीतरी बनवून आत भरलंय. मग तो टोपी घालतो आणि कामावर जातो. संपलं. मला काही सुचेना. काकांनी भरदुपारी दाराला चादर लावली आणि माझ्या मोबाइलवर तो बघितला. मी शेजारी बसून मराठीत सांगत होते.

"शाणा हाय तो," काका म्हणाले. "बनवलेला म्हणून काय झाला? आपला बाप्पा पण बनवलेलाच, दीड दिवसाचा. तरी निघताना मानसं रडतातच ना? त्याच लिही गो."

तेच लिहिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं.

काकांना मात्र तो सिनेमा रोज लागू लागला. "त्या काळोख्या शिनेमापायी ऑर्डरी तशाच पडल्यात," काकी करवादायच्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी रोह्याजवळच्या वरसे गावचं मंडळ टेम्पो घेऊन आलं. अध्यक्षांनी हात जोडले आणि ते थबकले.

"काका, बाप्पा आमच्याकडे संशयानं का बघतोय?"

खरंच. जड पापण्या, थकलेली नजर, सगळं ठाऊक असल्यासारखी. काकांच्या हातून गुप्तहेर उतरला होता.

"मखरात हवालदार बसवलाय," काकी म्हणाल्या.

दुसरी मूर्ती तयार नव्हती. अध्यक्ष तोंड पाडून तीच घेऊन गेले. आखणीत नाव गेलं तर पेणमध्ये कोण विचारणार, या धास्तीनं काकांना उत्सवभर मोदक गोड लागला नाही.

विसर्जनानंतर अध्यक्ष दारात दिसले, तसे काका पोत्यांमागे गेले. "नाय म्हणून सांग गो मी."

"काकांना सांग," अध्यक्ष मला म्हणाले, "यंदा मांडवामागे पत्त्यांचे डाव बसले नाहीत. खजिनदार तर आरतीला डोळे मिटूनच उभा. पुढच्या वर्षी हेच डोळे पाहिजेत."

पोत्यांमागून आवाज आला, "आगाऊ सांगून ठेवा. असे डोळे लगेच नाय होत."

काका गेल्याला आता दोन गणपती झाले. आखणी काकी करतात. सिनेमाला अजून नावं ठेवतात, डोळे मात्र तेच काढतात. मी रोह्याच्या शाळेत शिकवते. गणपतीत वरशाला जाते, हात जोडते. बाप्पा मला वरपासून खालपर्यंत बघतो. शिकलीस ते ठीक, कामावर वेळेवर जातेस ना?

विसर्जनाला नदीवरही जाते. खजिनदार तिथेसुद्धा डोळे मिटून असतो. मी बघत राहते, ते डोळे पाण्याखाली जाईपर्यंत.