बेलाचं ताट

आमच्या पुसेगावच्या घरामागं एक बेलाचं झाड आहे, आणि त्या झाडावरून एक दिवाणी दावाही झालेला आहे. झाड सासूबाईंचं, दावा शेजारच्या काकांचा. निम्म्या फांद्या भिंतीपलीकडे, बरोबर काकांच्या गोठ्यावर. पिकलेलं बेलफळ उंचावरून आलं की सिमेंटचा पत्रा तडकलाच म्हणून समजा. काकांनी आधी सांगून पाहिलं, मग ओरडून पाहिलं, आणि पावसात कडबा भिजल्यावर सरळ वकील गाठला. फांद्या तोडा आणि पत्रे बदलून द्या!

तारखेला सेनगावला जायला सोयीची जीप एकच. त्यामुळे वादी आणि प्रतिवादी गुडघ्याला गुडघा लावून जायचे. मी रागानं बाहेर बघत बसायची आणि सासूबाई विचारायच्या, "भाऊ, जेवून निघाले ना?" काका "व्हय" म्हणायचे आणि तोंड दुसरीकडे वळवायचे.

श्रावणात सोमवारी महादेवाला बेल वाहायचा, पण सोमवारी तो तोडायचा मात्र नाही. म्हणून पानं आदल्या दिवशीच काढून ठेवायची. दर रविवारी संध्याकाळी सासूबाई काकांसाठी ताटभर पानं भिंतीवर ठेवत. ताट परत येताना रिकामं कधीच नसायचं. गुळाचा खडा, मूठभर शेंगा, काहीतरी असायचंच. काकू वारल्या, काका एकटे राहिले, तरी त्यांनी ही रीत मोडली नव्हती. दाव्यानंतरच्या श्रावणात मात्र ताट रिकामं आलं.

"कोर्टात नेलं त्याचं काई न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "पर ताट रिकामं काहून धाडलं?"

"आता पानं देऊच नका," मी म्हटलं. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा दिली. मला काकांइतकाच त्यांचाही राग आला.

शेवटी त्याच श्रावणात वकिलांनी तडजोड घडवली. काकांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या कोर्टानं पाहणीला नेमलेल्या कमिशनरसमोर तोडायच्या. कमिशनरांनी दिवस सुचवला, काकांच्या डोक्यात गळका गोठा, त्यांनी लगेच मान डोलावली. कोर्टाच्या तारखेलाही वार असतो हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

त्या सकाळी सासूबाई झाडाकडे पाठ करून बसल्या. "अर्धं झाड गेलं की उरलेलं वाळंल," एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात काका आले ते थेट देवळातून. कपाळावर भस्म, हातात तांब्या. मजूर शिडी चढला, कुऱ्हाड उचलली, आणि काका किंचाळलेच.

"अरे थांब! आज सोमवार हाय ना! सोमवारी बेलाचं पान तोडत न्हाईत अन् तू फांदी तोडून राहिला!"

"काका, मागणी तुमचीच आहे," कमिशनर म्हणाले.

"माझीच हाय. पर आज न्हाई."

"मग उद्या?"

"उद्या बी श्रावणच हाय."

"श्रावण संपल्यावर या, असं लिहू का?"

काका वर बघत राहिले. सासूबाई त्यांच्यासाठी पानं काढायच्या ती याच फांद्यांची, भिंतीपाशी खाली वाकलेली, हाताला येणारी. "मंग पुढच्या श्रावणात मी पानं कुठून आणू?" ते कमिशनरांनाच विचारू लागले. बिचारे कमिशनर माझ्याकडे बघायला लागले. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं.

"काका, गोठ्यावर जाड जाळी बांधून देऊ," मी म्हटलं. "पत्रेही आम्हीच बदलू."

"हे आधी काहून न्हाई बोलली?" ते माझ्यावरच खेकसले. तडजोडीत फांद्यांच्या जागी जाळी आली आणि दावा मिटला.

पुढच्या रविवारी पानं गेली. सोमवारी दुपारी भिंतीवर ताट आलं, वर पळसाचं पान झाकलेलं. आत भगर होती, काकांनी स्वतः शिजवलेली, खाली लागलेली. करपल्याचा वास दारापर्यंत आला.

"लागली हाय जराशी," सासूबाई म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि मला एक घासही न देता सगळी संपवली.